दुखणे जिचे, गोष्ट तिची

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण मंडळाने वर्षभरात काय काय केले ते ऐकतो. हळदीकुंकू झाले, शिवणवर्ग झाला, आरोग्यतपासणीचे शिबीर झाले. यंदा आपल्या चिटणीसबाईंनी एक नवी योजना मांडली आहे. मंडळाच्या खोलीत महिन्यातून दोन दिवस फोनवरून डॉक्टरांची भेट घडवून द्यायची. ज्यांच्या घरी चांगला फोन नाही, ज्यांना तालुक्याला जाणे जमत नाही, अशा बायकांची त्यामुळे मोठी सोय होईल. योजना फार चांगली आहे आणि तिला माझा मनापासून पाठिंबा आहे. परंतु ती सुरू होण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार आपण सगळ्याजणींनी मिळून करावा असे मला वाटते. ती गोष्ट म्हणजे आजारी माणसाची गुप्तता. डॉक्टरांपाशी बाई जे बोलते ते कोणी ऐकावे, कोठे लिहावे, कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये, हा आज माझ्या बोलण्याचा विषय आहे.

काहीजणी म्हणतील, यात एवढे बोलण्यासारखे काय आहे? आपले गाव लहान. कोणाच्या घरी आज कोणती भाजी शिजली तेही दुपारपर्यंत चार घरांत कळते, तिथे दुखणे काय लपणार! शिवाय लपवायचे तरी कशाला? कर नाही त्याला डर कशाला? हे म्हणणे मी पुष्कळदा ऐकले आहे, म्हणून आधी त्याचाच विचार करू.

आपण स्नानाला बसताना दार लावून घेतो. आत काही वाईट करतो म्हणून का? नाही. ती आपली खाजगी गोष्ट आहे म्हणून. दुखण्याचेही तसेच आहे. दुखणे म्हणजे काही नुसता तापखोकला नव्हे. अंगावरून पांढरे जाते, अंग बाहेर येते, पाळी महिना महिना थांबत नाही, छातीत गाठ लागते, मूल राहत नाही, राहिलेले टिकत नाही, रात्र रात्र झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो. या गोष्टी बाई आपल्या आईजवळसुद्धा खालच्या आवाजात बोलते. त्याच गोष्टी डॉक्टरांना जशाच्या तशा सांगितल्या तरच उपचार बरोबर होतो. आणि आपण सांगितलेले चव्हाट्यावर जाईल अशी शंका तिला आली की ती काय करते? डोके दुखते म्हणून सांगते आणि डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन घरी येते. छातीतली गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून ती आणखी सहा महिने गप्प बसते. गाठ लवकर दाखवली तर बरे होण्याचा संभव पुष्कळ असतो, हे डॉक्टर शिबिरात दरवेळी सांगतात. ते आपण ऐकतो. पण दाखवायला जायचे म्हणजे चारचौघींत बोभाटा होणार, या भीतीवर त्या व्याख्यानात औषध नसते.

ही भीती आजची नाही. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. जाण्यापूर्वी त्यांनी जाहीर सभेत आपल्या जाण्याचे कारण सांगितले होते. या देशातील बायकांना स्त्री डॉक्टरांची फार गरज आहे, कारण पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगायला त्या धजत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच १८८६ साली मुंबईत बायका व मुले यांच्यासाठी कामा हॉस्पिटल उघडले. म्हणजे बाईला आपले दुखणे विश्वासाने सांगता यावे यासाठी तेव्हाच्या माणसांनी केवढा खटाटोप केला पाहा. आज आपल्याला गावोगाव डॉक्टरीणबाई मिळतात. मग तो विश्वास बाहेर राखण्याचे काम आपल्याकडे येते.

विश्वास मोडला म्हणजे काय होते, ते एका ओळखीच्या घरातल्या गोष्टीवरून सांगते. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. का सांगत नाही, ते माझ्या विषयावरून आपल्या ध्यानात आलेच असेल. लग्न होऊन दोन वर्षे झालेली एक सून. तिला खोकला जडला, संध्याकाळी अंगात कसकस येऊ लागली. बेडका तपासला, क्षय निघाला. क्षयाचे औषध सरकारकडून फुकट मिळते. साधा क्षय असेल तर सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्या की माणूस खडखडीत बरे होते. गोळ्या सुरूही झाल्या. एके दिवशी दवाखान्याच्या खिडकीपाशी रांग होती. आतल्या माणसाने मोठ्याने नाव पुकारले आणि विचारले, “क्षयाच्या गोळ्या कोणाच्या?” त्याच्या मनात काही वाईट नव्हते. त्याला काम लवकर उरकायचे होते. रांगेत तिच्याच आळीतली एक बाई उभी होती.

संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्या आळीत गेली. दुसऱ्या दिवशी तिचे ताट-वाटी वेगळे झाले. नळावर बायका तिला घागर लांब ठेव म्हणू लागल्या. तान्हे मूल सासूने आपल्याकडे घेतले. खरे पाहता क्षय ताटवाटीने पसरत नाही, खोकल्याबरोबर हवेतून पसरतो, आणि औषध नीट लागू पडले म्हणजे थोड्याच आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. पण हे सांगायचे कोणी आणि ऐकायचे कोणी? त्या मुलीने खिडकीवर जाणेच सोडले. गोळ्या मध्येच तुटल्या. क्षयाच्या गोळ्या मध्येच तुटल्या की रोग त्या गोळ्यांना जुमानीनासा होण्याचे भय असते, आणि तिच्या बाबतीत तसेच झाले. मग माहेरी राहून तिला पुष्कळ लांबलेला आणि त्रासाचा उपचार घ्यावा लागला. बाई वाचली, ही देवाची कृपा. पण मूल दीड वर्ष आईवाचून वाढले.

यात चोर कोण? कोणी कागद चोरला नाही, कोणी कुलूप फोडले नाही. खिडकीतला माणूस एक वाक्य मोठ्याने बोलला आणि रांगेतल्या बाईने ते घरोघर पोचवले. बहुतेक वेळा रोग्याची गोष्ट फुटते ती अशीच. आणि त्याने नुसती अब्रू जात नाही, औषधही सुटते. म्हणून मी म्हणते, गुप्तता हा उपचाराचाच एक भाग आहे.

ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत वैद्य होणाऱ्या शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत असे सांगितले आहे. आजच्या डॉक्टरांनाही हेच बंधन आहे. डॉक्टरांच्या वर्तनाविषयी २००२ साली झालेल्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, रोग्याने विश्वासाने सांगितलेली त्याची व त्याच्या घरातली गोष्ट डॉक्टरांनी उघड करू नये. रोगी ओळखू येईल असा त्याचा फोटो त्याच्या परवानगीवाचून छापू नये. न्यायाधीशाने हुकूम केला, एखाद्या ठराविक माणसाला गंभीर धोका असला, किंवा रोग सरकारला कळवलाच पाहिजे असा असला, तर मात्र सांगावे लागते. क्षय हा २०१२ सालापासून असाच कळवायचा रोग आहे. येथे एक फरक लक्षात ठेवावा. सरकारी नोंदवहीत नाव जाणे आणि नळावर नाव जाणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने रोग आटोक्यात येतो, दुसऱ्याने तो लपून बसतो.

कायदेही बरेच झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली निकाल दिला की खाजगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. एचआयव्हीविषयीचा कायदा २०१७ साली झाला व २०१८ साली अमलात आला. त्याप्रमाणे रोग्याच्या संमतीवाचून त्याची ती स्थिती दुसऱ्याला सांगता येत नाही. मनाच्या आजाराविषयीचा कायदाही त्याच दोन सालांतला आहे. त्यात गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि रोग्याच्या संमतीवाचून त्याचा फोटो वर्तमानपत्रांना देण्याची मनाई आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे डॉक्टरांनी त्या बाईचे नाव कायद्याने अधिकार दिलेल्या माणसाखेरीज कोणाला सांगितले तर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. त्याच साली महाराष्ट्र शासनाने खाजगी शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली. ती दवाखान्यात दिसेल अशी लावायची असते. पुढच्या वेळी गेलात म्हणजे भिंतीकडे पाहा, आणि दिसली नाही तर विचारा. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी बाई हजर असावी, असे मागण्याचाही आपल्याला हक्क आहे.

पण भगिनींनो, कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत येतो. आपल्या ओटीवर तो येत नाही. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हाचे दिवस आठवा. कोणाला लागण झाली त्यांच्या नावांच्या याद्या पत्त्यांसकट फोनवर फिरत होत्या. काही ठिकाणी घरांवर कागद चिकटवले होते. दूधवाला त्या दारी थांबेना, वाणी सामान देईना. त्याचा परिणाम असा झाला की ताप आला तरी माणसे तपासून घ्यायला भिऊ लागली. शेवटी त्याच वर्षी ९ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, अधिकाऱ्याचा तसा कायदेशीर हुकूम असल्याखेरीज रोग्यांच्या घरांवर असे फलक लावू नयेत. कागद निघाले. पण ज्या याद्या फिरल्या त्या कोणत्या डॉक्टरांनी फिरवल्या नव्हत्या. तुमच्या-आमच्या बोटांनीच त्या एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेल्या.

आता फोनवरच्या डॉक्टरांकडे वळते, कारण आपली योजना तीच आहे. ही पद्धत आपल्याकडे करोनाच्या काळात रूढ झाली. २५ मार्च २०२० रोजी तिच्याविषयी सरकारचे नियम निघाले आणि पुढच्याच महिन्यात ई-संजीवनी ही फुकट सेवा घरबसल्या मिळू लागली. आपल्या मोबाईलचा नंबर घालायचा, त्यावर आलेला ओटीपी भरायचा, आपला क्रमांक आला की डॉक्टर पडद्यावर दिसतात आणि औषधाची चिठ्ठीही फोनवरच येते. गावातल्या आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्याही अशीच मोठ्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात.

या नियमांतल्या चार-पाच गोष्टी आपण पाठ कराव्यात अशा आहेत. डॉक्टरांनी आपले नाव सांगितले पाहिजे आणि चिठ्ठीवर नोंदणीचा क्रमांक दिला पाहिजे. आपलेही नाव आणि वय खरे सांगावे लागते. आपण स्वतः फोन लावला तर आपली संमती आहे असे धरतात, पण आरोग्यसेविकेने किंवा दुसऱ्या कोणी लावला तर रोग्याची स्पष्ट संमती घ्यावी लागते. लहान मुलाच्या वेळी मोठे माणूस जवळ हवे. मध्येच वाटले की समक्षच दाखवलेले बरे, तर भेट थांबवता येते, आणि समक्ष येते म्हणणाऱ्या रोग्याला फोनवरच बोला असा आग्रह डॉक्टरांनी धरायचा नाही. रोग्याचे फोटो वा माहिती यांचा दुरुपयोग केला तर तो डॉक्टरांचा गुन्हा धरला आहे. मात्र त्याच नियमांत असेही म्हटले आहे की, यंत्राच्या दोषाने किंवा दुसऱ्या माणसामुळे गोष्ट फुटली असेल तर त्याला डॉक्टर जबाबदार नाहीत. हे योग्यच आहे. आपल्या घरात कोण कान देऊन बसले आहे, ते डॉक्टरांना पडद्यातून कसे दिसणार?

दवाखान्यात निदान एक पडदा असतो. घरात दोन खोल्या, त्यांत सहा माणसे, आणि फोन बहुतेक मुलाचा किंवा यजमानांचा. बाई फोनवर बोलायला बसली की मुलगा फोन धरतो, नणंद शेजारी बसते, सासूबाई दारातून सांगतात, “अगं, ते परवाचे पण सांग ना!” आवाज मोठा ठेवलेला असतो. डॉक्टर विचारतात, पाळी कधी आली होती? बाई काय सांगणार? ती “सगळे ठीक आहे” म्हणते आणि भेट संपते. फोनवरच्या डॉक्टरांना हात लावून तपासता येत नाही. त्यांना आपल्या बोलण्यावरच विसंबावे लागते. तेव्हा तिथे बोलणेच कोंडले तर उरले काय?

यासाठी साध्या साध्या युक्त्या आहेत. कानात घालायची वायर लावावी, म्हणजे निदान डॉक्टरांचा प्रश्न दुसऱ्याला ऐकू जात नाही. घरात गर्दी असेल तर गच्चीवर, परसात, देवळामागच्या पारावर, जिथे निवांतपणा असेल तिथे जाऊन बोलावे. सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे की माझ्याजवळ माणसे आहेत, तेव्हा ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे विचारा. तिकडे त्यांच्या खोलीत आणखी कोण आहे तेही विचारावे. असे विचारण्यात उद्धटपणा नाही. घरात मारहाण होत असेल तर त्याविषयी फोनवर बोलू नये. पडद्याबाहेर मारणाराच उभा असू शकतो. अशा वेळी समक्ष जाण्याचे निमित्त काढावे.

दुसरी गोष्ट फोनमधल्या कागदांची. चिठ्ठी, रक्ताचा अहवाल, सोनोग्राफीचा कागद, पुरळाचा काढलेला फोटो, हे सगळे फोनमध्ये राहते. तोच फोन संध्याकाळी मुलगा खेळायला घेतो, आणि काकांना लग्नाचे फोटो दाखवताना तोही फोटो पुढे सरकतो. काम झाले की असा फोटो काढून टाकावा. अहवाल घराण्याच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकण्याची तर सवयच लागली आहे. त्या ग्रुपवर चाळीस माणसे असतात. त्यांतले दोघे हुशार सल्ला देतात आणि अडतीस जण नुसते वाचतात. डॉक्टर असलेल्या भाच्याला विचारायचे असेल तर त्या एकट्याला पाठवावे. आणि फोनवर आलेला ओटीपी कोणी दवाखान्याचा माणूस म्हणून मागितला तरी देऊ नये. सरकारने २०२१ साली चौदा आकडी आरोग्य-खात्याची योजना देशभर सुरू केली, त्याला आभा म्हणतात. ते काढणे ऐच्छिक आहे, आणि त्यातले कागद आपल्या संमतीनेच दुसऱ्याला दिसतात. तेव्हा ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवण्यापूर्वी काय मान्य करतो ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

यंत्राचे भय अगदी खोटे नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्स या मोठ्या इस्पितळाचे संगणक कोणी बाहेरून बंद पाडले आणि कित्येक दिवस सगळे काम हाताने लिहून करावे लागले. २०२५ च्या फेब्रुवारीत तर अंगावर काटा आणणारी बातमी आली. राजकोटच्या एका प्रसूतिगृहात बायकांना तपासण्याच्या जागी कॅमेरा होता. त्यातली चित्रे चोरांनी काढून घेतली आणि फोनवर पैसे घेऊन विकली. पकडलेल्या आरोपींत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. चोरांना शिक्षा व्हावीच. पण तपासणीच्या जागी कॅमेरा लावावा असे ज्यांना वाटले, त्यांनाही कोणी विचारायला हवे होते. म्हणून तपासणीच्या खोलीत गेल्यावर एकदा वर बघावे. कॅमेरा दिसला तर तो बंद करा किंवा मला दुसऱ्या खोलीत न्या, असे खुशाल सांगावे. लोकांची अशी माहिती बाळगणाऱ्यांवर बंधने घालणारा कायदा २०२३ साली झाला आहे आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले. तो टप्प्याटप्प्याने अमलात यायचा आहे. तोवर आपले डोळे उघडे हवेत.

आता एक अवघड प्रश्न. मघाशीच एका वहिनींनी मला विचारले, “म्हणजे काय, नवऱ्यापासूनही लपवायचे?” मी लपवा म्हणत नाही. नवराबायकोंत विश्वास असेल तर दुखण्यात एकमेकांना सांगण्यासारखा आधार नाही. माझे म्हणणे एवढेच की, सांगायचे ते तिने सांगावे. कधी, कोणाला आणि किती, ते तिने ठरवावे. तिच्याआधी कंपाउंडरने सांगू नये, आशाताईंनी सांगू नये आणि आपण तर मुळीच सांगू नये. सज्ञान बाईच्या गर्भपाताला कायद्याने तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, हेही पुष्कळजणींना ठाऊक नसते. मात्र आपला रोग जोडीदाराला लागण्यासारखा असेल तर ते त्याला सांगणे हे आपले कर्तव्य आहे, आणि कसे सांगावे यासाठी डॉक्टरांची मदत घ्यावी. तसेच एखादी मैत्रीण जिवाचे बरेवाईट करण्याच्या गोष्टी बोलू लागली, तर “कोणाला सांगू नकोस” असे तिने म्हटले तरी गप्प बसू नये. तिच्या विश्वासातल्या माणसाला आणि डॉक्टरांना ताबडतोब कळवावे. गुप्तता माणूस जगावे म्हणून पाळायची असते.

आणखी एक. दुसऱ्यांपासून राखायचे म्हणजे स्वतःपासूनही राखायचे असे नव्हे. आपले केसपेपर आपल्याला मागता येतात. इस्पितळात राहिलेल्या रोग्याचे कागद तीन वर्षे जपून ठेवायचे आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असा २००२ च्या त्याच नियमांत दंडक आहे. काय झाले आहे ते यजमानांना सांगतात आणि बाईला “तू काळजी करू नकोस” म्हणतात, ही रीत आता सोडली पाहिजे. जिचे शरीर तिलाच पहिल्यांदा कळले पाहिजे.

आता आपल्या योजनेविषयी. पुढील गोष्टी कार्यकारिणीने ठराव करून मान्य कराव्यात अशी माझी सूचना आहे.

१. फोनची भेट आतल्या खोलीत व्हावी. दार लागावे आणि बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून ठेवावा, म्हणजे आतले बोलणे बाहेर येणार नाही.

२. आत रोगी बाई एकटीच असावी. फोन हाताळता येत नसेल तर मदतनीस कोण हवी ते तिनेच निवडावे, आणि फोन लागल्यावर मदतनिशीने बाहेर यावे.

३. वहीत फक्त क्रमांक, तारीख आणि नाव असावे. ‘आजार’ हा रकाना नसावा. गेल्या शिबिराच्या वहीत तो रकाना आहे आणि ती वही कपाटावर उघडी असते. ती आजच कुलपात जावी.

४. नाव पुकारू नये. क्रमांक पुकारावा.

५. मंडळाचा फोन वापरला तर भेट संपल्यावर चिठ्ठी त्या बाईला द्यावी आणि फोनमधून पुसावी. हे काम तिच्यादेखत व्हावे.

६. मंडळाच्या अहवालात किती बायकांना लाभ झाला तो आकडा द्यावा, कोणाला झाला ते देऊ नये. रोग्यांचे फोटो ग्रुपवर वा स्मरणिकेत घालू नयेत.

७. बाहेर बसलेल्या बाईला “तू कशासाठी आलीस गं?” हे कोणी विचारू नये.

यातला सातवा नियम सर्वांत कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. पहिल्या सहांना कुलूप, रेडिओ आणि वही पुरते. सातव्याला आपली जीभ लागते. काळजीनेच विचारतो आपण, हे खरे. पण काळजी दाखवायच्या दुसऱ्याही रीती आहेत. तिचे मूल तासभर सांभाळा, तिच्या घरी डबा पाठवा, तिच्याबरोबर तालुक्याला जा. काय झाले आहे ते न विचारताही हे सगळे करता येते, आणि तिला सांगावेसे वाटले तर ती आपण होऊन सांगेल.

मंडळ म्हणजे बाईने घरचे ओझे उतरवून घटकाभर टेकण्याची जागा, असे आपल्या संस्थापक भगिनी म्हणत आल्या आहेत. त्या जागी एखादीने आपले दुखणे उतरवून ठेवले तर ते तिथेच राहील, असा लौकिक आपण मिळवला पाहिजे. वर्षभराने या योजनेचा अहवाल वाचला जाईल तेव्हा किती जणी आल्या हे तर सांगावेच, पण कोणाचीही गोष्ट बाहेर गेली नाही हेही सांगता यावे. वरील सूचना सभेने मंजूर कराव्यात अशी विनंती करते.